काळा त्रिकोण (दंतवैद्यक)

काळा त्रिकोण म्हणजे शेजारशेजारच्या दोन दातांमध्ये हिरडीलगत दिसणारी त्रिकोणी फट होय. अशा ठिकाणी दोन्ही दात चावण्याच्या कडेकडे एकमेकांना टेकलेले असतात. परंतु हिरडीकडील भागात त्यांच्यामधील जागा रिकामी राहते. तोंडाच्या आतील अंधार या रिकाम्या जागेतून दिसतो, म्हणून तिला हे नाव मिळाले आहे. हा स्वतंत्र रोग नाही. दोन दातांमधील हिरडी खाली गेल्याचे किंवा ती जागा भरून काढण्यास अपुरी पडत असल्याचे ते चिन्ह आहे. हिरड्यांचे व दातांभोवतालच्या हाडाचे विकार, दातांचा आकार, मुळांची ठेवण, चुकीच्या पद्धतीने केलेली दातांची स्वच्छता आणि तारा लावून केलेले उपचार ही त्याची प्रमुख कारणे आहेत. उपचार कारणानुसार बदलतात. हिरडीचा आजार असल्यास तो आधी आटोक्यात आणणे आवश्यक असते, फट बुजवण्याचा विचार त्यानंतर केला जातो.

काळा त्रिकोण आणि दोन दातांमधील संपूर्ण फट या भिन्न गोष्टी आहेत. संपूर्ण फटीत दात एकमेकांना कोठेच टेकत नाहीत. वरच्या जबड्यातील मधल्या दोन पटाशीच्या दातांमध्ये ती अनेकदा आढळते आणि बहुधा जन्मजात ठेवणीचा भाग असते. काळा त्रिकोण मात्र बहुतेक वेळा प्रौढ वयात दिसू लागतो. पूर्वी नसलेली फट नव्याने दिसू लागणे ही तपासणी करून घेण्याजोगी बाब मानली जाते.

शरीररचना

दोन दात जेथे एकमेकांना टेकतात त्या जागेला संपर्कबिंदू म्हणतात. संपर्कबिंदूपासून हिरडीकडे जाताना दोन्ही दातांच्या बाजू एकमेकींपासून दूर होत जातात, त्यामुळे तेथे त्रिकोणी पोकळी तयार होते. निरोगी तोंडात ही पोकळी हिरडीच्या टोकदार भागाने भरलेली असते. या भागास आंतरदंत हिरडी किंवा पॅपिला असे म्हणतात. पुढच्या दातांमध्ये तिचा आकार शंकूसारखा निमुळता असतो. दाढांमध्ये ती रुंद असून तिला गालाकडे एक आणि जिभेकडे एक अशी दोन टोके असतात. या टोकांमधील खोलगट भागावरचे आवरण पातळ व नाजूक असल्यामुळे हिरडीचा दाह पुष्कळदा याच जागी सुरू होतो.

आंतरदंत हिरडीचे टोक कोठवर पोहोचेल हे मुख्यतः तिच्याखाली असलेल्या जबड्याच्या हाडावर अवलंबून असते. हाडाची कड खाली गेली की तिच्यावर आधारलेली हिरडीही कालांतराने खाली जाते. डेनिस टार्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३० रुग्णांच्या २८८ आंतरदंत जागांमध्ये संपर्कबिंदूपासून हाडाच्या कडेपर्यंतचे अंतर मोजले. हे अंतर ५ मिलिमीटर असलेल्या जागांपैकी सुमारे ९८ टक्के जागा हिरडीने पूर्ण भरलेल्या होत्या. अंतर ६ मिलिमीटर असताना हे प्रमाण ५६ टक्क्यांवर आले, तर ७ मिलिमीटरला ते २७ टक्के राहिले. एक-दोन मिलिमीटरच्या फरकाने चित्र किती पालटते हे या आकड्यांवरून स्पष्ट होते. उपचारांचे नियोजन करताना ५ मिलिमीटरची ही मर्यादा आजही मार्गदर्शक मानली जाते.

कारणे

हिरड्यांचे व हाडाचे विकार

प्रौढांमधील काळ्या त्रिकोणाचे महत्त्वाचे कारण म्हणजे परिदंतदाह होय. बोली भाषेत त्यास पायरिया म्हणतात. दातांवर साचणाऱ्या जिवाणूंच्या चिकट थराला प्लाक म्हणतात. तो वेळोवेळी निघाला नाही तर लाळेतील क्षार त्यात साचून त्याचे कठीण कीटण बनते. कीटणाचा खडबडीत पृष्ठभाग नव्या प्लाकला आश्रय देतो. सुरुवातीस हिरडी लाल होते, सुजते आणि ब्रश करताना तिच्यातून रक्त येते. या टप्प्यावर हाड शाबूत असते आणि योग्य स्वच्छतेने हिरडी पूर्ववत होऊ शकते. दुर्लक्ष झाल्यास काही व्यक्तींमध्ये दाह खोलवर पसरतो, दाताला हाडाशी बांधणारे तंतू तुटतात आणि हाड झिजू लागते. झिजलेले हाड आपोआप भरून येत नाही. या प्रक्रियेत वेदना बहुधा नसतात, त्यामुळे फट दिसू लागेपर्यंत बराच आधार गमावलेला असू शकतो.

तंबाखूचे सेवन आणि अनियंत्रित मधुमेह यांमुळे परिदंतदाहाचा धोका वाढतो. धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, त्यामुळे रोगाचे सर्वांत ओळखीचे लक्षण झाकले जाते. महाराष्ट्रात तंबाखू भाजून केलेली मिशरी दातांना लावण्याची सवय, विशेषतः स्त्रियांमध्ये, पूर्वापार आढळते. मिशरीने दात स्वच्छ व घट्ट राहतात असा समज असला तरी ती तंबाखूच असून हिरड्यांना व तोंडाच्या अस्तराला अपायकारक आहे.

हिरडीच्या ऊतीचा नाश करणारा एक तीव्र विकारही आंतरदंत हिरडीवरच प्रथम आघात करतो. त्यात हिरडीची टोके सडून खड्डे पडतात, तीव्र वेदना होतात आणि तोंडाला दुर्गंधी येते. पहिल्या महायुद्धात खंदकांमध्ये राहणाऱ्या सैनिकांमध्ये हा विकार मोठ्या प्रमाणावर आढळला होता. कुपोषण, अतिताण, धूम्रपान आणि प्रतिकारशक्तीची कमतरता या गोष्टी त्याला पोषक ठरतात. तो बरा झाल्यावरही खचलेली टोके काही वेळा पूर्वस्थितीला येत नाहीत.

दातांचा आकार व मुळांची ठेवण

काही व्यक्तींचे दात चौकोनी, तर काहींचे त्रिकोणी असतात. त्रिकोणी दात चावण्याच्या कडेला रुंद आणि हिरडीकडे अरुंद असतो. असे दोन दात शेजारी आले की त्यांचा संपर्कबिंदू कडेच्या जवळ राहतो आणि हिरडीकडील पोकळी मोठी होते. चौकोनी दातांमध्ये संपर्क लांबवर पसरलेला असल्याने पोकळी लहान राहते. याशिवाय दोन दातांची मुळे एकमेकांपासून फाकलेली असल्यासही संपर्कबिंदू हाडापासून दूर जातो आणि फट दिसते. अशा व्यक्तींच्या हिरड्या पूर्णपणे निरोगी असू शकतात.

तारांचे उपचार

दाटीवाटीने वाढलेले, एकमेकांवर चढलेले दात तारा लावून सरळ केल्यावर काळे त्रिकोण दिसू शकतात. दात एकमेकांवर चढलेले असताना त्यांच्या कडांची नेहमीप्रमाणे झीज होत नाही, त्यामुळे त्यांचा मूळ त्रिकोणी आकार टिकून राहतो. शिवाय त्यांच्यामधील हिरडीही पुरेशी विकसित झालेली नसते. कुर्थ आणि कोकिच यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तारांचे उपचार घेतलेल्या प्रौढांपैकी ३८ टक्के व्यक्तींमध्ये मधल्या पटाशीच्या दातांत अशी फट आढळली. दात सरळ झाल्याने उघड झालेली ही फट उपचार बिघडल्याचे लक्षण असतेच असे नाही. मात्र प्रौढ रुग्णाला तिची कल्पना आधी देणे उचित समजले जाते.

इजा व चुकीच्या सवयी

जाड दातकोरणे, काडी, टाचणी किंवा सुई दातांच्या फटीत वारंवार घालण्याने हिरडीचे टोक दबते व झिजते. दंतधागा हिरडीवर झटक्याने आदळल्यास किंवा गरजेपेक्षा जाड आंतरदंत ब्रश जोराने घुसवल्यासही तीच इजा होते. कडक ब्रशने आडवे घासल्यामुळे हिरडी दाताच्या दर्शनी बाजूस खाली सरकते. कॅप किंवा दातांत भरलेले सिमेंट योग्य आकाराचे नसेल तर तेथे प्लाक साचून हिरडीचा दाह सुरू होतो. दात काढल्यानंतर बसवलेल्या इम्प्लांटभोवती, विशेषतः शेजारशेजारच्या दोन इम्प्लांटमध्ये, नैसर्गिक दातांमधील हिरडीइतकी उंच हिरडी मिळणे अवघड असते.

वय

वाढत्या वयाबरोबर काळे त्रिकोण अधिक प्रमाणात आढळतात. यात हिरडीच्या ऊतीत होणाऱ्या बदलांचा भाग असला तरी अनेक वर्षांत साठत गेलेला दाह व झीज यांचा वाटाही मोठा असतो. त्यामुळे फट ‘वयामुळेच’ पडली असे तपासणीशिवाय गृहीत धरता येत नाही.

परिणाम

फटीत अन्नाचे कण अडकणे ही सर्वसामान्य तक्रार आहे. पालेभाजी, मांसाचे तंतू व डाळींब-पेरूसारख्या फळांच्या बिया तेथे अडकून राहतात आणि ते काढण्यासाठी दातकोरण्याचा वापर वाढतो. त्यातून हिरडीला आणखी इजा होते. हिरडी खाली गेल्याने मुळाचा पृष्ठभाग उघडा पडतो. मुळावर दंतवल्काचे कठीण कवच नसते. दंतवल्क सुमारे ५.५ सामूला विरघळू लागते, तर मुळाचा पृष्ठभाग ६ च्या वरच्या सामूलाही, म्हणजे सौम्य आम्लानेही, झिजू लागतो. म्हणून मुळावर कीड लवकर लागते. थंड, गोड किंवा आंबट पदार्थांनी दात शिवशिवणे हाही याचाच परिणाम होय. पुढच्या दातांमधील मोठ्या फटींतून बोलताना हवा किंवा थुंकी बाहेर पडून उच्चारांवर परिणाम होऊ शकतो.

दिसण्याचा प्रश्नही अनेकांना महत्त्वाचा वाटतो. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या कोकिच व सहकाऱ्यांच्या अभ्यासात तारांचे उपचार करणाऱ्या तज्ज्ञांना २ मिलिमीटरची फट खटकली, तर सामान्य दंतवैद्यांना व इतर नागरिकांना ती ३ मिलिमीटरची झाल्यावर खटकली. हसताना हिरडी दिसत नाही अशा व्यक्तीच्या बाबतीत फट असूनही ती लक्षात येत नाही.

निदान व वर्गीकरण

तपासणीत दंतवैद्य खुणा असलेली बारीक सळई हिरडी व दात यांच्यामध्ये हलकेच घालून खोली मोजतात. निरोगी हिरडीत ही खोली साधारणपणे १ ते ३ मिलिमीटर असते. त्याहून अधिक खोली, मोजताना येणारे रक्त, दात हलणे आणि हिरडी खाली सरकणे या गोष्टींची नोंद केली जाते. क्ष-किरण चित्रावरून हाडाची उंची, मुळांची दिशा आणि हिरडीखालील कीटण समजते. यावरून फट रोगामुळे पडली आहे की ठेवणीमुळे, हे ठरवता येते.

नॉर्डलँड आणि टार्नो यांनी १९९८ साली आंतरदंत हिरडीच्या उंचीनुसार वर्गीकरण मांडले. हिरडीचे टोक संपर्कबिंदूपर्यंत पोहोचत असल्यास स्थिती सामान्य मानली जाते. टोक संपर्कबिंदूच्या खाली असले तरी दातांच्या बाजूवरील दंतवल्काची हिरडीकडील सीमा अद्याप उघडी पडली नसल्यास तो पहिला वर्ग होय. ही सीमा उघडी पडल्यास दुसरा वर्ग समजला जातो. टोक दाताच्या दर्शनी बाजूवरील दंतवल्क-सीमेच्या पातळीवर किंवा तिच्याही खाली गेल्यास तो तिसरा वर्ग ठरतो. वर्ग जितका वरचा, तितकी हिरडी पुन्हा वर आणण्याची शक्यता कमी असते.

उपचार

रोगनियंत्रण

परिदंतदाह असल्यास पहिली पायरी म्हणजे दातांवरील व हिरडीखालील प्लाक आणि कीटण काढणे. दृश्य भागाच्या सफाईला स्केलिंग, तर मुळाच्या पृष्ठभागाच्या खोल सफाईला रूट प्लेनिंग असे म्हणतात. त्यानंतर काही आठवड्यांनी हिरडीची पुन्हा मोजणी केली जाते. खोल कप्पे शिल्लक राहिल्यास शस्त्रक्रियेचा विचार होतो. रोग आटोक्यात आल्यावर ठरावीक अंतराने देखभालीची सफाई चालू ठेवावी लागते. दाह शिल्लक असताना केलेले फट बुजवण्याचे उपचार टिकत नाहीत.

स्केलिंग व फटींविषयीचा समज

स्केलिंगमुळे दातांत फटी पडतात आणि दात हलू लागतात, असा समज रूढ आहे. तो प्रत्यक्ष अनुभवातून निर्माण झालेला असल्याने सहज दूर होत नाही. रुग्णाला सफाईनंतर खरोखरच पूर्वी न दिसणाऱ्या फटी दिसतात. मात्र त्यांचे कारण निराळे आहे. आजारी तोंडात हाड आधीच झिजलेले असते आणि रिकामी झालेली जागा कीटण व सुजलेली हिरडी यांनी व्यापलेली असते. कीटण निघाले आणि सूज उतरून हिरडी आकसली की लपलेली जागा दृष्टीस पडते. कीटणाचे जाड थर शेजारच्या दातांना एकत्र धरून ठेवत असतील, तर ते निघाल्यावर दातांचे हलणेही जाणवू शकते. सफाईनंतर आकसलेली, फिकट गुलाबी व घट्ट हिरडी हे दाह शमल्याचे लक्षण आहे.

या समजापोटी सफाई टाळल्यास कीटणाखालील हाडाची झीज चालू राहते. त्या अवस्थेत फट दिसत नाही, परंतु दात गमावण्याचा धोका वाढत जातो. सफाईपूर्वीच रुग्णाला फटींची व काही दिवसांच्या शिवशिवीची कल्पना दिल्यास उपचार अर्धवट सोडण्याचे प्रसंग कमी होऊ शकतात.

तारांचे उपचार

मुळे फाकलेली असल्यास तारांच्या साहाय्याने ती समांतर आणता येतात. त्रिकोणी दातांच्या बाबतीत संपर्काच्या जागी दंतवल्काचा अत्यंत पातळ थर, बहुधा ०.५ ते ०.७५ मिलिमीटर, घासून काढला जातो आणि उरलेली जागा दात जवळ आणून बंद केली जाते. त्यामुळे संपर्कबिंदू रुंदावून हिरडीच्या जवळ येतो आणि दोन दातांमधील हिरडी थोडी वर दाबली जाते. दंतवल्क पुन्हा वाढत नसल्यामुळे ही प्रक्रिया मर्यादेतच करतात.

दातांच्या आकारात बदल

दाताच्या रंगाचे काँपोझिट दाताच्या बाजूंवर चिकटवून त्याचा हिरडीकडील भाग रुंद करता येतो. यात दात फारसा घासावा लागत नाही आणि एका-दोन भेटींत काम पूर्ण होऊ शकते. हिरडीलगत काँपोझिटची कड गुळगुळीत राहिली नाही तर तेथे प्लाक साचतो. काँपोझिटवर काळानुसार डाग पडतात आणि ते तुटल्यास दुरुस्ती करावी लागते. सिरॅमिकचे व्हिनियर किंवा कॅप यांनीही हाच हेतू साधतो. मात्र त्यासाठी दात घासावा लागतो. केवळ फट बुजवण्यासाठी निरोगी दात मोठ्या प्रमाणावर घासणे योग्य मानले जात नाही.

पुष्कळ दातांची हिरडी खाली गेलेली असल्यास हिरडीच्या रंगाचे सिरॅमिक वापरले जाते. अ‍ॅक्रिलिक किंवा सिलिकॉनची काढता-घालता येणारी कृत्रिम हिरडीही बसवता येते. ती रोज काढून स्वच्छ करावी लागते.

शस्त्रक्रिया व इंजेक्शन

आंतरदंत हिरडी पुन्हा उभारण्यासाठी अनेक शस्त्रक्रिया सुचवल्या गेल्या आहेत. त्यांत शेजारची हिरडी सरकवून फटीकडे आणतात आणि अनेकदा टाळूतून घेतलेली संयोजी ऊती तिच्याखाली बसवतात. हान आणि टाकेई यांनी १९९६ साली वर्णन केलेली अर्धचंद्राकृती छेदाची पद्धत ही त्यांपैकी एक होय. आंतरदंत हिरडी अतिशय लहान असते आणि तिला होणारा रक्तपुरवठा तुटपुंजा असतो, त्यामुळे या शस्त्रक्रियांचे यश अनिश्चित असते. दाताच्या दर्शनी बाजूवरची खाली गेलेली हिरडी वर आणण्याच्या शस्त्रक्रिया तुलनेने अधिक भरवशाच्या आहेत. मात्र दोन दातांमधील हाड गेलेले असल्यास त्यांचेही यश मर्यादित राहते.

हायल्युरॉनिक आम्लाचा जेल हिरडीच्या टोकात टोचून लहान फटी भरण्याचे प्रयोग झाले आहेत. त्यातून काही प्रमाणात सुधारणा आढळली आहे, परंतु हा पदार्थ शरीरात हळूहळू विरघळत असल्यामुळे परिणाम कायम टिकेलच असे नाही.

उपचार न करण्याचा पर्याय

हिरडी निरोगी असेल, अन्न अडकण्याचा त्रास नसेल आणि दिसण्याबाबत व्यक्तीची तक्रार नसेल, तर फट तशीच ठेवून नियमित स्वच्छता राखणे हाही स्वीकारार्ह पर्याय आहे. उघड्या फटीत आंतरदंत ब्रश सहज जाऊ शकतो, त्यामुळे अशी जागा स्वच्छ ठेवणे काही वेळा सोपेही ठरते.

घरगुती निगा व प्रतिबंध

दिवसातून दोनदा मऊ ब्रश व फ्लोराइडयुक्त पेस्ट वापरून दात घासणे हा निगेचा पाया आहे. ब्रशचे केस दोन दातांच्या मधे पुरेसे पोहोचत नाहीत, म्हणून त्या जागेची वेगळी सफाई करावी लागते. दात दाटीने असल्यास दंतधागा, तर फट असल्यास आंतरदंत ब्रश उपयुक्त ठरतो. ब्रश फटीत जोर न लावता जाईल, पण अगदी सैलही राहणार नाही, असा निवडावा. एकाच तोंडात वेगवेगळ्या फटींसाठी वेगवेगळे आकार लागू शकतात. दंतधागा झटक्याने न दाबता दाताच्या बाजूला टेकवून खाली-वर फिरवावा. नवीन सुरुवात केल्यावर काही दिवस थोडे रक्त येऊ शकते. ते साधारणपणे सफाई नियमित झाल्यावर थांबते. न थांबल्यास तपासणी करून घेणे आवश्यक असते.

मीठ, हळद किंवा लवंगेचे तेल चोळल्याने हिरडीला तात्पुरता आराम वाटू शकतो, परंतु त्यांनी कीटण निघत नाही आणि झिजलेले हाड भरून येत नाही. फट बंद करण्यासाठी दातांना रबरबँड अडकवणे धोकादायक आहे. दाताच्या निमुळत्या मुळावरून रबर हिरडीखाली सरकते, हाडाचा नाश करते आणि त्यामुळे निरोगी दात गमावल्याची उदाहरणे दंतवैद्यकात नोंदलेली आहेत.

तंबाखू व मिशरी सोडणे, मधुमेह नियंत्रणात ठेवणे आणि वेळोवेळी दंततपासणी करून घेणे यांमुळे हाडाची झीज टाळता किंवा थांबवता येते. गेलेली आंतरदंत हिरडी परत मिळवण्याचे उपाय मर्यादित असल्याने काळ्या त्रिकोणाच्या बाबतीत प्रतिबंधाला विशेष महत्त्व आहे. हिरडीतून रक्त येण्याच्या टप्प्यावरच उपचार झाले तर हाड शाबूत राहते आणि रोगामुळे पडणारी फट बहुधा टाळता येते.